बोटीत पाणी कोणी भरलं

चहा घ्या आधी. गरम आहे तोवर घ्या, कारण मी सांगायला लागलो की माझं डोकं तापतं आणि समोरच्याचा चहा गार होतो. या प्रकरणात मूर्ख कोण ठरला ते तुम्हाला ऐकता ऐकता कळेलच. फक्त तेव्हा माझ्याकडे बघून हसू नका. आधीच सगळं गाव हसून झालंय.

राग माझ्या नाकावर असतो, हे फैजपुरात कोणालाही विचारा. भुसावळला रेल्वेत डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेला. रिटायर झालो आणि केळीच्या शेतात घर बांधून राहिलो, पण स्वभाव काही रिटायर झाला नाही. आमची ही, म्हणजे सुमन, म्हणते की मी नुसता रामराम केला तरी समोरच्याला वाटतं, आता भांडण होणार.

तर बोट. तुम्ही म्हणाल, जळगाव जिल्ह्यात बोट? जिथे उन्हाळ्यात माणसाच्या अंगातलं पाणी टिकत नाही, तिथे?

अहो, तापीवर पूल नव्हता तेव्हा आमच्या घाटावर मोटरबोट चालायची. अस्सल सागवानी. तांब्याचे खिळे, मागे पितळी पंखा, मधोमध एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. लहानपणी मी तिच्यात बसून आजोळी जायचो. सगळे पलीकडचा काठ बघायचे, मी इंजिन बघायचो. त्याचा तो टुक टुक आवाज पाण्यावरून लांबपर्यंत जायचा आणि माझी आजी घरातूनच ओळखायची की नातू आला. पुढे पूल झाला, बोट बंद पडली, लोक विसरले.

आणि ती मला कुठे सापडली माहीत आहे? पलीकडच्या गावात, एका खळ्यात, कडब्याने भरलेली! म्हशीची गव्हाण केली होती हो तिची. जिने वऱ्हाडं पार केली, बाळंतिणी पार केल्या, तिच्यात म्हशी तोंड घालत होत्या. माझं रक्त उकळलं. मालकाला तिथल्या तिथे झापलं. तो म्हणाला, एवढा जीव तुटतोय तर घेऊन जा, म्हशी जमिनीवर खातील. ट्रॉलीवर घालून घेऊन आलो. रस्त्यात जो तो विचारत होता, भाऊ, गव्हाण जरा मोठी नाही का झाली?

लोकांना जुन्या वस्तूची किंमतच नाही. मला म्हणाले, फायबरची नवी बोट मिळते की. फायबरची बोट म्हणजे काय, तर मोठी बादली. साच्यात ओतली, बाहेर काढली, झाली बोट. इथे बघा, एकेक फळी वाफेवर वाकवलेली, शेजारच्या फळीला अशी बिलगलेली की मध्ये नख जाऊ नये. निदान बांधली तेव्हा जात नसेल. मी आणली तेव्हा फटींतून बोट जात होतं, म्हणजे हाताचं बोट, आणि त्यातून म्हशीची वैरण लोंबत होती.

सगळा हिवाळा मी तिच्यामागे लागलो. रुंद फटींत सुती दोर ठोकून बसवला. इंजिन बाहेर काढून लाकडी घोडीवर चढवलं. पिस्टन गंजून बसला होता. त्याला डिझेल पाजलं, शिव्या दिल्या, पुन्हा डिझेल पाजलं, शेवटी सुटला. लाकूड घासून घासून आतला सोनेरी सागवान वर आणला. मोबाईलवर एक गोरा म्हातारा जुन्या बोटी दुरुस्त करून दाखवतो. त्याचं बोलणं मला कळत नाही, पण वॉर्निश लावण्याआधी तो लाकडावर हात फिरवून कोरडं आहे ना हे दहादा बघतो, एवढं कळलं. तेव्हापासून माझा एकच मंत्र, बोट कोरडी पाहिजे.

आणि घाई होती ती आखाजीची. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्या खान्देशात लेकींचा सण. सासरी गेलेली पोर आखाजीला माहेरी झोका खेळायला आली नाही, तर लोक आईबापालाच विचारतात की काय बिनसलं. माझी एकुलती एक वैशू धुळ्याला दिलेली आहे. दिली म्हणजे काय, तिचं तिनेच जमवलं, मी फक्त ओरडलो आणि मग अक्षता टाकल्या. आखाजीला ती येणार, धरणाच्या फुगवट्यात बोट उतरणार, आणि पहिल्यांदा वैशू बसणार, असं मी ठरवून टाकलं होतं. तिलाही फोनवर सांगून झालं होतं. ती लहान असल्यापासून मी तिला त्या बोटीच्या गोष्टी सांगितलेल्या, त्यामुळे तीही दिवस मोजत होती.

इथे आमचे व्याही आले. वैशूचे सासरे, आबा. मुंबई-आग्रा हायवेवर त्यांचा ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता, आता मुलगा बघतो. बोटीबद्दल ऐकून बघायला म्हणून होळीनंतर आले आणि राहिलेच. व्याही घरात राहणं म्हणजे नवा कोरा सदरा घालून शेणखत टाकण्यासारखं आहे. काम करायचं, पण डाग पडू द्यायचा नाही. मला तर धड शिवीसुद्धा देता येईना.

माणूस कामाचा, हे मी नाकारत नाही. लाकूड त्यांना कळतं. पण ते पहिल्या दिवशी बोटीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "याही, लाकूड तानेल शे. तिले पानी पाजा."

याही म्हणजे व्याही, तानेल म्हणजे तहानलेलं. बोटीला पाणी पाजा! मी काय केळीचं खोड लावलंय? मी त्यांना समजावलं की आधी कोरडी, मग वॉर्निश. ते म्हणाले, वॉर्निश राहू द्या, आधी पाणी. नाश्त्याला पाणी, जेवताना पाणी, झोपताना पाणी. मी रेल्वेचा, ते ट्रकचे, दोघांपैकी ब्रेक कोणालाच नाही. तरी मी जिभेला गाठ मारली. मुलीच्या सासऱ्याशी कोण वाद घालणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आतून वॉर्निशचे दोन हात मारून झाले. बोट अशी दिसत होती की माझीच तिला दृष्ट लागेल. त्याच संध्याकाळी वावटळ आली आणि बाहेरच्या अंगावर सगळी धूळ बसली. मी पंपाला पाइप जोडला आणि धुवायला घेतलं. अर्धी धुतली आणि लाइट गेली. शेतीची लाइट, तिला कधी लाज होती? वीजवाल्यांच्या नावाने मनसोक्त बोललो, पाइप गुंडाळून खुंटीला लावला आणि घरात गेलो.

सकाळी बघतो तर बोट काठोकाठ भरलेली.

फटींतून धारा लागल्या होत्या, आतलं वॉर्निश दह्यासारखं पांढरं झालं होतं, आणि माझा खुंटीवरचा पाइप बोटीत लोळत होता. शेजारी आबा कडुलिंबाची काडी चावत उभे. सगळं नीट निरखून ते मला म्हणाले, "हाई बेस झायं."

छान झालं म्हणे! आता तुम्हीच सांगा, याहून मोठा पुरावा काय असतो? ज्याला महिनाभर पाणी पाजायचं होतं तो समोर उभा, पाइप बोटीत, आणि वर समाधानाने दात घासतोय. पण बोलणार कसं? आपलेच दात, आपलेच ओठ. मी बादली घेऊन पाणी उपसायला लागलो. आबासुद्धा मदतीला आले. मी मनात म्हटलं, चोर असावा तर असा.

मग वड्याचं तेल वांग्यावर निघालं. हिला बोललो, दूधवाल्याला बोललो, केळी घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याला इतकं बोललो की तो घड न घेताच गेला. तरी पोट रिकामं होईना. म्हणून मी गावात गेलो. सलूनमध्ये सांगितलं, पानटपरीवर सांगितलं, सोसायटीच्या पायरीवर बसून सांगितलं की आमच्या व्याह्यांनी जगात कोणी केलं नाही ते केलं, कोरड्या जमिनीवर बोट बुडवली. रोज जायचो आणि रोज थोडं वाढवून सांगायचो. आधी त्यांनी पाइप टाकला होता. मग ते पहाटे उठून पाइप टाकताना मला खोकल्याचा आवाज आला होता. शेवटी शेवटी तर मी त्यांना डोळ्यांनी बघितलं होतं. गावाला एवढं पटलं की लोक स्वतःहून माझ्याकडे हळहळायला यायला लागले.

एके दिवशी आबा दाढी करायला त्याच सलूनमध्ये गेले.

दुपारी जेवायला बसलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, वर तेल. आबांनी सरळ विचारलं की मी गावात काय सांगत फिरतोय. आणि माझ्या जिभेची गाठ सुटली. सुटली ती अशी की ज्याचं खायचं त्याच्याच वस्तूची नासाडी करायची ही कुठली रीत, इथपर्यंत गेलो. ही माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. मी थांबलो नाही.

आबांनी ताटातच हात धुतला. अर्धी भाकरी तशीच. उठले आणि एवढंच म्हणाले, "पानी मी टाकं नही. टाकतू, ते सांगीसन टाकतू."

आणि पिशवी घेऊन धुळ्याच्या गाडीला बसले. टाकलं असतं तर सांगून टाकलं असतं म्हणे. मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा.

संध्याकाळी वैशूचा फोन. ती रडली असती तर मी विरघळलो असतो, पण पोर माझ्यावर गेलीय, रागावली की आवाज थंड होतो तिचा. म्हणाली, "बाबा, मी आखाजीला येत नाही. आबांना खोटं पाडून तुमच्या बोटीत बसायची मला लाज वाटेल." फोन ठेवला. पुन्हा केला तर उचलला नाही.

हिने बोलणं बंद केलं. आखाजीच्या सांजोऱ्यांसाठी आणलेला रवा डब्यात तसाच ठेवून दिला. झोक्याचा दोर माळ्यावरून काढला होता, तो पुन्हा माळ्यावर टाकला. एकदाच तोंड उघडलं, तेही हे ऐकवायला, "धुळ्याले जा, आबाच्या पायावर डोकं ठेवा आन् पोरीले घेऊन या. त्या लाकडाले काय चाटून राह्यले?"

मी म्हटलं, आधी ते कबूल करू देत. माझं चुकलं असेल तर मी पाय धरीन, पण चुकलंय कुठे? आणि खरं सांगू का, सगळ्यांच्या लेकी येणार, आमच्या निंबाला झोका नाही, ही कल्पनाच सहन होत नव्हती. पण मला वाटलं, पुरावा दाखवला की सगळं सरळ होईल. आम्हा तापट लोकांची ही खोड असते. माफी मागण्यापेक्षा पुरावा गोळा करायला आम्ही जास्त कष्ट घेतो.

बोट उन्हात पुन्हा खडखडीत वाळली होती. पांढरं पडलेलं वॉर्निश मी खरवडून काढलं. त्या दिवशी दुपारी पाइप लावून आतला भुसा धुवायला घेतला, तेवढ्यात लाइट गेली. नेहमीचंच. पाणी निथळून गेलं, उन्हात फळ्या बघता बघता सुकल्या, आणि मला वाटलं, हीच वेळ आहे. आबांना व्हिडिओ कॉल लावला.

जावयांनी उचलला. मी म्हटलं, सगळ्यांना बोलवा. आबा आले, विहीणबाई आल्या, मागे वैशू हाताची घडी घालून उभी राहिली. मी बोटीकडे पाठ करून, ती सगळ्यांना दिसेल असा मोबाईल धरला आणि सुरू झालो. बघा, म्हटलं, आबा, आहे का एक थेंब? तुम्ही गेल्यापासून ही बोट एकदा तरी भरली का? नाही. पाइप तोच, पंप तोच, बोट तीच. मग कमी कोण आहे इथे? तुमचं तुम्हीच ठरवा.

वकिलालाही असं जमलं नसतं. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

आबा म्हणाले, "याही, मांघे देखा."

मी म्हटलं, मागचंपुढचं काही नाही, विषय बदलू नका, आधी कबूल करा.

"बाबा, मागे," वैशू म्हणाली.

मी म्हटलं, तू मध्ये बोलू नको. आणि माझ्या पाठीवर पाण्याचा असा फटकारा बसला की मोबाईल हातातून सुटता सुटता राहिला. वळून बघतो तर पाइप बोटीत फणा काढून नाचतोय आणि पाणी धो धो पडतंय. लाइट आली होती आणि पंप आपोआप सुरू झाला होता.

आता शहरातल्या माणसाला हे सांगायला हवं. आमच्याकडे शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि मध्येच जाते, मध्येच येते. तिची वाट बघत कोण जागणार? म्हणून पंपाच्या स्टार्टरला ऑटो बसवतात. लाइट आली की पंप आपला आपण चालू. सगळ्या शिवारात आहे. माझ्याकडेही आहे. मीच बसवला, माझ्या या हातांनी, आणि वर चार जणांना बसवून दिला.

आबा तिकडून अगदी शांतपणे म्हणाले, "पाइप कोन्ही टाका?"

मी म्हटलं, पाइप मी नेहमी खुंटीला लावतो! कधी विसरत नाही! आणि पुरावा म्हणून मोबाईल गर्रकन खुंटीकडे वळवला.

खुंटी रिकामी होती.

धुळ्यात आधी विहीणबाई हसायला लागल्या, मग जावई हसायला लागले. वैशू हसली नाही. आबाही हसले नाहीत, त्यांनी फक्त कॉल बंद केला. आणि मी ओल्या पाठीने उभा राहून ती बोट भरताना बघत होतो. म्हणजे त्या संध्याकाळीही पाइप मीच बोटीत टाकून घरात गेलो होतो. कोणावर ओरडू? मागे वळून बघितलं तर दारात ही उभी. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि माझा इस्त्रीचा सदरा आणून माझ्या हातात दिला.

बोटीकडे मला बघवेना. पंप बंद केला, वर ताडपत्री ओढली, तशीच भरलेली ठेवली आणि धुळ्याची गाडी धरली.

आबांच्या दारात मी वाकलो. त्यांनी मला वाकू दिलं नाही, खांदे धरले. मी वाटेत पाठ केलेली माफी म्हणायला लागलो, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. बसवलं, पाणी दिलं. हो, पाणीच दिलं, आणि मी खाली बघत प्यायलो. म्हणाले, "पोरले लई जा. मी भी येस." पोरीला घेऊन जा, मीही येतो म्हणे. वैशूने मात्र मला बाजूला घेऊन अट घातली. गावात जाऊन आबांच्या विरुद्ध एक अक्षर बोलायचं नाही. आबा म्हणतील ते खरं. नाहीतर ती पुढच्या गाडीने परत. मी शपथ घेतली. तिच्याच गळ्याची घेतली.

आखाजीला झोका बांधला. हिने सांजोऱ्या तळल्या. आबांनी आणि मी मिळून बोटीतलं पाणी उपसलं, इंजिन बसवलं. दोघंही कामापुरतं बोललो. ट्रॉलीतून फुगवट्याच्या काठावर गेलो तर अर्धं गाव जमलेलं. बोट बुडताना बघायला आले होते, खोटं कशाला बोलू. बोटीच्या फटींतून वैरण लोंबताना सगळ्यांनी पाहिली होती.

बोट पाण्यात गेली. तरंगली. मी आत उतरून फळ्या चाचपल्या. एक थेंब नाही. पाणी पिऊन लाकूड फुगलं होतं आणि सगळ्या फटी आपसूक मिटल्या होत्या. आबा पहिल्या दिवसापासून सांगत होते तेच झालं होतं. मी इंजिनचा हँडल मारला आणि टुक टुक सुरू झालं. वैशूने बोटीत चढून टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरले, ते कोणी बघू नये म्हणून मी इंजिनात तोंड घातलं.

आणि तेवढ्यात गावाची ट्यूब पेटली. सलूनवालाच पहिला बोलला की म्हणजे आबांनी पाणी टाकलं म्हणूनच बोट तरली! अरे खरंच की. भाऊ कसे बोंबलत होते आणि आबा मात्र गुपचूप काम करून गेले. काय माणूस! मी उठून उभा राहिलो. म्हटलं, ऐका, ते पाणी... आणि वैशूकडे बघितलं. ती बोटीच्या टोकाला बसून माझ्याकडेच बघत होती. मी खाली बसलो.

लोकांनी आबांना विचारलं की खरंच का हो तुम्हीच टाकलं? आबांनी माझ्याकडे बघितलं. सावकाश बघितलं. ताटात हात धुतला होता त्याचं सगळं व्याज त्या बघण्यात होतं. मग मिशीवर हात फिरवून म्हणाले, "आते काय सांगू. याही ऐकतच नव्हता. मंग टाकं मी."

टाळ्या पडल्या. कोणीतरी धावत जाऊन टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन आलं. सत्कार करायचा तर यजमानाच्या हातून, म्हणून मला पुढे ढकललं. माझ्या बोटीचा, माझ्या पंपाचा, माझ्या पाइपचा सत्कार मी माझ्या हातांनी व्याह्यांच्या डोक्यावर ठेवला. वर लोक म्हणाले, भाऊ, दोन शब्द बोला.

काय बोलणार? दात खाऊन एवढंच म्हणालो, "आबांनी पाणी टाकलं." हेच वाक्य मी गावभर शिवीसारखं सांगत फिरलो होतो, आणि तेव्हा मला ते शंभर टक्के खरं वाटत होतं. आता ते सपशेल खोटं आहे हे मला, आबांना आणि धुळ्यातल्या त्यांच्या सगळ्या घराला माहीत होतं.

आणि मागून सोसायटीच्या पायरीवरचा एक म्हातारा म्हणाला, "चला, आज भाऊ एकदाचे खरं बोलले."